मन्मथ मिस्त्रीचा उलटा ॲक्सल

अहमदपूरच्या एसटी स्टँडमागं मन्मथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं आपलं. चार लाकडी खांब, वर पत्रे, तीन बाजूंना पत्रे आणि चौथी बाजू रस्त्याकडं उघडी. पाटी नव्हती. पाटी कशाला पाहिजे, असं मन्मथ म्हणायचा. ज्याची गाडी बंद पडते त्याला रस्ता आपोआप सापडतो. आणि ते खोटं नव्हतं. लातूरहून नांदेडला निघालेला आणि मधेच धापा टाकायला लागलेला ट्रक हमखास त्याच्याच दारात येऊन उभा राहायचा.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, अंगानं किडकिडीत, अंगात बारमाही खाकी शर्ट. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. गाडीखाली शिरताना ती डबी आधी शर्टाच्या आत, मग बनियनच्या आत सारायची आणि वरून सेफ्टी पिन लावायची. ग्रीसचा ठिपका लागू द्यायचा नाही. सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ओढून यायचा, आणि दुपारपर्यंत त्यातलं भस्म कोणतं अन् काजळी कोणती हे त्याच्या बायकोलाही सांगता यायचं नाही.

हात मात्र सोन्याचे. निजामाच्या राजवटीत, मिसरूड फुटायच्या आधी, तो नांदेडच्या एका उस्तादाकडं कामाला लागला. उस्ताद बोलायचा नाही, पाना फेकून मारायचा. एवढ्याच शिक्षणावर मन्मथ दोन गोष्टी शिकला. इंजिनाला कान लावून दुखणं ओळखायचं, ही एक. आणि मिस्त्रीच्या हातात पाना असताना कुणी काही विचारायचं नाही, ही दुसरी. पहिलीनं त्याचं पंचक्रोशीत नाव केलं. दुसरीनं काय केलं, तेच तर सांगायचंय.

मन्मथ मिस्त्री चुकत नसे. म्हणजे चुकायचा चारचौघांसारखाच, पण मान्य करायचा नाही. बसवलेला गिअर निसटला तर लोखंड हलकं. ब्रेक लागला नाही तर उतार जास्त. त्याची बायको शिवगंगा म्हणायची, सत्तावीस वर्षं झाली लग्नाला, ह्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' एवढं एकदा ऐकलं की मी सुखानं डोळे मिटायला मोकळी. त्यावर मन्मथ शांतपणे म्हणायचा, मग तू लई वर्षं जगणार.

तर लातूर जिल्हा नवा होऊन चौथा उन्हाळा लागला होता. नव्या कचेऱ्या, नव्या जीपगाड्या, नवे शिक्के. उस्मानाबादेतून फुटून आपण वेगळे निघालो, आता सगळं आपलं स्वतःचं, असं लोक मिशीला पीळ देऊन सांगायचे. पाऊस कुठं जिल्हा बघून पडतो? दोन सालं लागोपाठ त्यानं हात आखडला, आणि नव्या जिल्ह्याच्या नशिबी दुष्काळही स्वतःचा आला.

त्या चैत्रात एका सकाळी गॅरेजसमोर अशी वरात आली की स्टँडवरचे लोक एसटी सोडून बघायला आले. पुढं बैलजोडी, बैलांना बांधलेला साखळदंड, आणि साखळदंडामागं एक जुनी डॉज पिकअप. निजामाच्या काळात कुणा जहागीरदारानं शिकारीसाठी घेतलेली. पुढं बरीच वर्षं तिच्यात कोंबड्या बसायच्या. आता स्टेअरिंगवर बसला होता गोटेवाडीचा निवृत्ती सोनकांबळे. बांधकाम खात्याच्या रोड रोलरवर बारा वर्षं ड्रायव्हर होता, त्यामुळं घाई ही चीज त्याला माहीतच नव्हती. आणि त्याच्या शेजारी, पदर डोक्यावर ओढून, ताठ बसली होती त्याची आई पारूबाई.

निवृत्तीनं सांगितलं ते असं. गोटेवाडी अहमदपूरपासून अकरा किलोमीटर, माळावर. विहीर आटली. सरकारी टँकर येतो, पण टेकडीच्या पायथ्याशीच थांबतो. वर जायला एकच रस्ता, त्याला लोक रेडामोडचा चढ म्हणतात, आणि नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. मधल्या वळणावर टँकरचा लांबलचक ट्रक मावत नाही. जीप मावते, पण जीप पाणी किती नेणार? बायका दिवसातून तीन तीन वेळा घागरी घेऊन तो चढ चढतात. पाणीपुरवठ्याच्या ओव्हरसियर साहेबांनी आता कागद काढलाय. येत्या शुक्रवारपासून तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या आत, एखादी गाडी भरली टाकी घेऊन वर शाळेसमोर आली, तर गोटेवाडीला रोजचं पाणी मंजूर. न्हाई तर दुसऱ्या दिवशी अख्खं गाव उठवून खाली तलावाजवळच्या छावणीत.

"ही गाडी वळणावर मावते, मन्मथप्पा," निवृत्ती म्हणाला. "तिच्यात दम न्हाई एवढंच. ट्रकचा दम हिच्यात घालता येईल का?"

मन्मथनं बॉनेट उघडून बघितलं आणि लगेच बंद केलं, एखाद्या मयताच्या तोंडावरची चादर बंद करावी तसं. मग त्यानं चौकट ठोकून पाहिली. चौकट ठणठणीत वाजली. हाडं मजबूत, काळीज मेलेलं.

बोलणं सगळं निवृत्तीचंच चाललं होतं. पारूबाई एका टायरवर बसून ऐकत होती. निघताना तिनं एवढंच सांगितलं की बहात्तर साली ते असेच खाली उतरले होते, खडी फोडायला. जाताना घरातली पाच माणसं होती, येताना चार. धाकटी लेक सरजा तिथंच हगवणीनं गेली. आणि परत आले तर घराला दार नव्हतं, आढं नव्हतं, भिंतीतल्या खुंट्यासुद्धा लोकांनी उपटून नेल्या होत्या.

"मी आता उतरत नसते, मिस्त्री," ती म्हणाली. "तुमी काय बी करा."

संध्याकाळी मन्मथ शिवगंगेला म्हणाला, त्या बाईचं काम करायलाच पाहिजे. शिवगंगेनं ताटात आणखी एक भाकरी वाढली. असं बोलणं तिनं त्याच्याकडून क्वचितच ऐकलं होतं.

बैलांना चारा नव्हताच. ज्या जोडीनं गाडी ओढत आणली तीच जोडी निवृत्तीनं बाजारात विकली, आणि ते पैसे घेऊन तो आणि मन्मथ नांदेडच्या भंगार बाजारात गेले. तिथं मन्मथला हवं ते सापडलं. झाडावर आदळून तोंड चेपलेला एक मोठा ट्रक. केबिनचा चुराडा, पण सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन शाबूत, गिअरबॉक्स शाबूत, मागचा ॲक्सल शाबूत. मन्मथनं इंजिनाला कान लावला. बंद इंजिनाला कान लावून काय ऐकतो हा, असं निवृत्तीला वाटलं, पण त्यानं विचारलं नाही. मिस्त्रीच्या हातात पाना होता. तिन्ही वस्तू एका मालट्रकवर टाकून ते अहमदपूरला आले.

आता खरी मजा सुरू झाली. ट्रकचं इंजिन पिकअपच्या पोटात बसवायचं म्हणजे थोरल्या भावाला धाकट्याचं झबलं घालायचं. बॉनेट पुढून कापलं. रेडिएटर चार बोटं पुढं सरकवला. चौकटीला खालून लोखंडी पट्ट्या जोडून ती जाड केली, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी चार पाती घातली. निवृत्ती पडेल ते काम करायचा: धर, सोड, उचल, घास. रोलरवरचा माणूस, कंटाळा त्याच्या रक्तातच नव्हता. रोज सकाळी गोटेवाडीहून चालत यायचा आणि मन्मथ भस्म लावून येईपर्यंत गॅरेज झाडून ठेवायचा. आठवड्याभरात इंजिन बसलं. चालू केलं तेव्हा असा काही आवाज निघाला की समोरच्या हॉटेलातल्या कपबशा वाजल्या, आणि मन्मथनं मान डोलावली. त्याच्या हिशेबी तेवढी शाबासकी पुष्कळ झाली.

घोळ झाला तो मागच्या ॲक्सलमध्ये. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून मागं जाते आणि ॲक्सलच्या मधल्या फुगीर पोटात शिरते. तिथल्या दातेरी चक्रांनी चाकं फिरतात. ट्रकच्या ॲक्सलचं ते तोंड खालच्या अंगाला होतं. पिकअपला तो लावला की दांडा तिरका बसायचा आणि चौकटीच्या आडव्या पट्टीला घासायचा. मन्मथ दोन दिवस त्याच्याभोवती फिरला. पट्टी कापावी तर चौकट लेची पडते. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात वीज चमकली. त्यानं अख्खा ॲक्सलच उताणा केला. वरची बाजू खाली, खालची वर. तोंड बरोबर वर आलं, आणि दांडा त्यात असा सरळ गेला की बघत राहावं.

निवृत्तीनं खालून बघितलं. ॲक्सलमध्ये तेल भरायचं भोक असतं ते आता खालच्या अंगाला गेलं होतं, आणि तेल काढायचं भोक वर. त्याला जरा चमत्कारिक वाटलं. मिस्त्रीच्या हातात पाना आहे हे विसरून त्यानं तोंड उघडलं.

"अप्पा, तेल खालून कामून भरायचं?"

झालं. मन्मथचं टाळकं सरकलं. रोलर चालवणाऱ्यानं रोलर चालवावा, असं तो म्हणाला. भोकाला काय, वरच्यातून भरू, खालच्यातून काढू, भोक ते भोक. उस्तादानं तर या प्रश्नाला तीस नंबरचा पाना फेकला असता, मी नुसता बोलून राहिलो. निवृत्ती गप्प बसला. अन् इथं मला त्या उस्तादाचा मनापासून राग येतो. ते भोक बिचारं केवढ्यांदा ओरडून सांगत होतं, पण ऐकून घ्यायची सवयच कुणी लावली नव्हती.

कारण ॲक्सल उताणा केला की पोटातलं मोठं चक्र डावीकडचं उजवीकडं जातं, आणि चाकं उलटी फिरायला लागतात. एवढी साधी गोष्ट. गुरुवारी मागं पाण्याची टाकी बांधली आणि संध्याकाळी मागची चाकं जॅकवर उचलून गिअर टाकून बघितला. चाकं गरगरा फिरली, बघायला जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. हवेतलं चाक कुठल्या बाजूला फिरतंय हे बघायला आधी मनात शंका यावी लागते, आणि शंका आलेला एकटा निवृत्ती त्या वेळी तोंड बंद ठेवून उभा होता.

शुक्रवार उजाडला. शिवगंगा आरतीचं ताट घेऊन आली. गाडीला हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि रिवाजाप्रमाणं पुढच्या दोन्ही चाकांपुढं एक एक लिंबू. गाडी पुढं सरकली की लिंबं फुटतात आणि वाटेतली पीडा टळते. स्टँडवरची निम्मी माणसं जमली होती. निवृत्तीनं हात जोडले, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

लिंबं जागची हलली नाहीत. गाडी तडक मागं गेली आणि गॅरेजचा मागचा पत्रा घेऊन पलीकडच्या उकिरड्यावर जाऊन थांबली.

गर्दी आधी हबकली, मग हसायला लागली. निवृत्तीला वाटलं आपलाच हात चुकला. त्यानं नीट बघून दुसरा टाकला. गाडी आणखी मागं. तिसरा टाकायची हिंमत त्याला झाली नाही. मन्मथ पुढं झाला, केबिनमध्ये शिरला, निवृत्तीला बाजूला सारून त्यानं रिव्हर्स टाकला. गाडी डौलात पुढं आली, गॅरेजमधून बाहेर पडली आणि दोन्ही लिंबं फोडून रस्त्यावर उभी राहिली.

चार गिअर मागं जायचे आणि एकच पुढं यायचा. पिकअप तशी तयार झाली होती.

सकाळचे आठ वाजून गेले होते. ॲक्सल काढून सरळ बसवायचा म्हणजे दांड्याचा गुंता पुन्हा सोडवायचा. दोन दिवसांचं काम. ओव्हरसियर साहेब बाराला शाळेसमोर घड्याळ घेऊन उभे राहणार. निवृत्तीनं भोकाचं नावही काढलं नाही. तो नुसता गाडीकडं बघत उभा राहिला, आणि त्याचं ते गप्प राहणं मन्मथला सगळ्या हसणाऱ्यांपेक्षा जास्त लागलं. लाज म्हणतात ती ह्या वयात पहिल्यांदाच त्याच्या अंगावर आली. त्या बाईला छावणीत पाठवणारा ओव्हरसियर नव्हे, दुष्काळ नव्हे, आपण, हे त्याला लख्ख कळत होतं.

मग त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. रिव्हर्स गिअर हा सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत जोरकस. पहिल्यापेक्षाही. चढाला याच्यापेक्षा बरा गिअर मिळणार नाही. वेगच नाही एवढंच. पण अकरा किलोमीटर माणूस चालत जातो, तर गाडीला काय धाड भरलीय? वेळ होता चार तासांचा.

"चल," तो म्हणाला. "रिव्हर्समध्येच जाऊ."

जगात आजवर असा प्रवास कुणी केला नसेल. इंजिन असं गुरगुरत होतं की वाटावं नव्वदच्या वेगानं निघालंय, आणि गाडी चालत होती माणसाच्या पावलानं. एक सायकलवाला गेला पुढं. मग शेळ्यांचा कळप गेला. एसटीनं मागून पाच मिनिटं हॉर्न वाजवला, आणि पुढं जाताना ड्रायव्हरनं जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. निवृत्ती मात्र मजेत होता. बारा वर्षं रोलरवर काढलेल्या माणसाला हा वेग चांगलाच म्हणायचा. उलट्या तोंडानं चौथ्या गिअरमध्ये गेलो तर अर्ध्या तासात पोचू, असं त्यानं मधेच सुचवून पाहिलं. मन्मथनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. सरकारनं ताब्यात घेतलेल्या वाटेतल्या विहिरीवर त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली. रेडिएटर दर मैलाला उकळायचा, मन्मथ उतरून फडक्यानं झाकण उघडायचा, पाणी ओतायचा आणि चालत चालतच पुन्हा केबिनमध्ये चढायचा. गाडी थांबवायची गरजही पडायची नाही.

पावणेअकराला रेडामोडचा पायथा आला. आता हसणं संपलं. वर बघितलं तर रस्ता नव्हताच, दगडांची शिडी होती. मन्मथ खाली उतरला आणि त्यानं मागचा लाकडी गुटका उचलला. गाडी मागं घसरायला लागली की चाकाखाली सारायचा असतो तो. हे काम क्लिनरचं. बावन्न वर्षांचा मिस्त्री, ज्याच्या समोर ट्रकमालक अदबीनं उभे राहत, तो गुटका घेऊन चाकामागं चालायला लागला.

निवृत्तीनं डोकं बाहेर काढून सांगितलं की मागं थांबू नका, जड टाकी हाय, धोका हाय. मन्मथ म्हणाला, तू पुढं बघ.

गाडी चढायला लागली. हळू, पण एकसारखी, दगडामागं दगड घेत. धूर असा की मन्मथला स्वतःचे हात दिसेनात. वळणावर पुढचं चाक कडेला गेलं, टाकीतलं पाणी एका बाजूला हिंदकळलं आणि अख्खी गाडी कलली. इंजिन दबलं, खोकलं, आता बंद पडतं की काय असं झालं. मन्मथनं गुटका सारला आणि त्यावर खांदा टेकून खाली बसला. लाकडानं काय गाडी अडणार, आणि खांद्यानं काय अडणार, पण बसला. त्याला आतून गिअरबॉक्सचा आवाज येत होता. त्यानं कान दिला. आवाज निरोगी होता.

"दाब," तो ओरडला. "पाय दाब!"

निवृत्तीनं पाय दाबला. सहा सिलिंडर एकदम बोलले. गाडी गुटक्यावरून सुटली, वळण पार झालं, आणि वरून पोरंबाळं, बायाबापड्या, म्हातारे, सगळे धावत खाली आले. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पिकअप शाळेसमोर उभी होती. कुणीतरी हलगी काढली. सरपंचांनी मन्मथच्या गळ्यात गाडीचाच हार काढून घातला.

ओव्हरसियर साहेब साताऱ्याकडचे, तरुण, नव्या जिल्ह्यात नवी नोकरी. भला माणूस होता, पण कागदाचा. त्यांनी टाकीत काठी बुडवून पाणी मोजलं, घड्याळ बघितलं आणि खूश होऊन निवृत्तीला विचारलं, कुठल्या गिअरमध्ये चढवली? निवृत्तीला खोटं बोलता येत नसे. रिव्हर्स, साहेब, असं तो सांगून मोकळा झाला.

"रिव्हर्समध्ये गाडी पुढं?" साहेब मन्मथकडं वळले. "मिस्त्री, हे तुम्ही खास घाटासाठी केलंय?"

सगळं गाव बघत होतं. किती सोपं होतं. हो म्हणायचं, हार घालून घरी जायचं, आणि पुढची वीस वर्षं लोकांनी त्या अकलेचे गोडवे गायचे. साहेबांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. मन्मथच्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. या एका गिअरवर इंजिन रोज रडत येणार. दिवसाला एक खेप, फार तर. आठ-दहा दिवसांत ते कायमचं बंद पडणार, तेही ऐन वैशाखात, आणि तेव्हा या लोकांना ना पाणी ना छावणी.

"न्हाई, साहेब," तो म्हणाला. "ॲक्सल उलटा बसलाय. माझं चुकलं. या निवृत्तीनं मला विचारलं बी होतं, मी त्याला गप्प बसवलं. मला दोन दिवस द्या, सरळ करून देतो. मग रोजच्या तीन खेपा होतील."

हलगी थांबली. साहेबांचा चेहरा पडला. गाडी दुरुस्तीला म्हणजे गाडी नाही, असं त्यांचा कागद म्हणत होता, आणि यादी तर आजच लातूरला जायची होती. सरळ केल्यावर ती चढेल याची हमी काय, हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. मन्मथ म्हणाला की हा रिव्हर्स गिअर तसाच राहणार. पुढून नाही चढली तर उलट्या तोंडानं चढवू, पण चढवू. साहेब पेन हातात धरून उभे राहिले. शेवटी त्यांनी गावालाच विचारलं. आजच्या या एका टाकीवर दोन दिवस काढाल का? आणि तिसऱ्या दिवशी गाडी आली नाही तर?

मग गर्दीतून पारूबाई पुढं आली.

"बहात्तरला रोज सांगायचे, उद्या येतं पाणी," ती म्हणाली. "ते समदे बरोबरच होते. कुणी बी म्हणलं न्हाई की आमचं चुकलं. ह्यो माणूस म्हणून राहिला. लिवा साहेब, आमी थांबतो."

साहेबांनी लिहिलं. मंजुरी लिहिली आणि खाली तारीख टाकली रविवारची. नवा शिक्का त्यांनी खिशातूनच आणला होता.

पुढचं सगळं नीट झालं, म्हणून थोडक्यात सांगतो. दांडा घासत होता ती पट्टी कापून तिच्या जागी कमानीसारखी जाड पट्टी जोडली, आणि रविवारी दुपारी ॲक्सल सरळ बसला. या वेळी मन्मथ दर बोल्टाला निवृत्तीला विचारत होता, आणि निवृत्ती बेजार झाला होता उत्तरं देऊन. पहिल्या गिअरमध्ये गाडी रेडामोडच्या वळणावर अडली. मग काय, पायथ्याला तोंड फिरवलं आणि उलटी चढवली. तो अख्खा उन्हाळा गोटेवाडीला आधी टाकी दिसायची आणि सगळ्यांत शेवटी निवृत्तीचं तोंड.

पण त्या शुक्रवारी दुपारी, टाकीपुढं घागरींची रांग लागली असताना, मन्मथ निवृत्तीच्या घरी हात धुवायला गेला. उंबऱ्यातच एक मोठं गाठोडं होतं. लुगड्याच्या पक्क्या दुहेरी गाठी मारलेलं. मी उतरत नसते म्हणणारी पारूबाई पहाटेच सगळं बांधून बसली होती. मन्मथ त्या गाठोड्याकडं बघत उभा राहिला. तिला ते दिसलं. खाली बसून तिनं गाठी सोडल्या. तवा निघाला, उलथनं निघालं, कंदील निघाला. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्यासोबत कागदाच्या पुडीत एक गंजका खिळा. या वेळी मागं खिळासुद्धा ठेवायचा नव्हता तिला.

तो खिळा तिनं मन्मथच्या हातावर ठेवला आणि भिंतीतलं रिकामं भोक दाखवलं. मन्मथनं गाडीतून हातोडी आणली, खिळा भोकात धरला आणि दोन हलके ठोके दिले.

"खोल ठोका, मिस्त्री," पारूबाई म्हणाली. "आता काढायचा न्हाई."